ताईंचे चार ढीग

ताईंकडे काहीही विचारायला गेलं की त्या आधी आपल्यालाच विचारत, "किती ढीग?"

पहिल्या आठवड्यात मी या प्रश्नाला निरनिराळी उत्तरं देऊन पाहिली. एकदा म्हणालो, कसले ढीग? एकदा म्हणालो, तुम्ही म्हणाल तेवढे. एकदा नुसताच हसलो. तिन्ही वेळा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे तोंड फिरवलं. चौथ्या वेळी मी अंदाजानं "चार" म्हणालो. तेव्हा त्या म्हणाल्या, "आता विचारा."

विचारायला आलो होतो ते तोवर मी विसरलो होतो.

या नोकरीआधी मी एका कापसाच्या जिनिंगमध्ये एकोणीस वर्षं स्टोअर सांभाळलं. बेल्ट, बेअरिंग, गाठींच्या पट्ट्या, सगळं मोजून घ्यायचं आणि मोजून द्यायचं. जिनिंग बंद पडलं आणि वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी मी वर्ध्याच्या एका धर्मादाय नेत्र रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात लागलो. घर सिंदी मेघेला, त्यामुळे सायकलवर पंधरा मिनिटांत कामावर. कॉम्प्युटर मला तक्ते भरण्यापुरता येत होता. आकड्यांची मात्र सवय होती. बेरीज जुळली नाही तर मला जेवण जात नाही, हे माझ्या घरी सगळ्यांना माहीत आहे. दोन मुली आहेत. आंबा कापला तरी मी फोडी मोजून वाटतो. बायको म्हणते, कोयीचे पण दोन भाग करा एकदाचे.

आमच्या विभागाचं काम असं होतं. रुग्णालय जिल्हाभर गावोगाव डोळ्यांची शिबिरं घ्यायचं. प्रत्येक शिबिराची एक फाइल यायची. तिच्यात माणसाचं नाव, गाव, कार्ड नंबर, आणि पुढे 'शस्त्रक्रिया बाकी' किंवा 'शस्त्रक्रिया झाली'. एकच माणूस दोन-तीन फायलींत सापडायचा, कारण तो एका शिबिरात तपासून घेई, दुसऱ्या शिबिरात पुन्हा रांगेत उभा राही, आणि मग कधीतरी त्याचं ऑपरेशन होई. या सगळ्या फायली एकत्र करायच्या, प्रत्येक माणसाची फक्त शेवटची नोंद ठेवायची, आणि ज्यांची 'बाकी' उरली त्यांना पहिल्या नोंदीच्या तारखेप्रमाणे ओळीनं लावायचं. त्यातल्या पहिल्या एकशेवीस जणांना मोबाइलवर निरोप जाई आणि ठरलेल्या सोमवारी तालुक्यातालुक्यात गाड्या जात.

हे सगळं करणारी जी मशीनवरची मांडणी असते तिला 'जॉब' म्हणतात. तो जॉब ताईंनी बनवला होता. बटण मी दाबायचो.

ताई तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या असतील. पुण्यात एका मोठ्या कंपनीत वीसेक वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं. आई समुद्रपूरला एकटी राहिली म्हणून त्या सगळं सोडून आल्या. आठवडाभर वर्ध्याला भाड्याची खोली, शनिवारी दुपारच्या एसटीनं समुद्रपूर. पुण्याहून आल्या तरी पुण्याचा एक शब्द त्यांच्या तोंडात नव्हता. सुती साडी आणि खाली पांढरे धावायचे बूट. गळ्यात दोन चष्मे दोन दोऱ्यांना बांधलेले, एक जवळचा, एक लांबचा. नाकावरचा बहुधा चुकीचा असे, आणि त्याबद्दल कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. डोळ्यांच्या दवाखान्यात नोकरी करून त्यांनी स्वतःचे डोळे कधी तपासून घेतले नाहीत.

डबा तीन खणांचा. आधी सगळी भाजी खायच्या, मग सगळ्या पोळ्या, मग भात. मी एकदा म्हटलं, ताई, पोळी भाजीबरोबर खातात. त्या म्हणाल्या, "एकत्र करायचं काम पोटाचं आहे. मी काऊन करू?" कोरडी पोळी चावताना त्यांच्याकडे पाहवत नसे. पण त्या अगदी समाधानानं चावत.

एसटीत बसल्या की फोन बंद. पोचल्यावरसुद्धा लगेच सुरू करायच्या नाहीत. आईशी पूर्ण बोलून झालं, चहा झाला, की मग सुरू. कुणी तक्रार केली तर म्हणत, मी एका वेळी एकाच ठिकाणी असते.

माझी त्यांच्याबद्दलची मुख्य तक्रार एकच होती. त्या समजावून सांगत नसत. त्यांना सगळं इतकं स्वच्छ दिसे की दुसऱ्याला ते दिसत नाही, हे त्यांच्या ध्यानातच येत नसे. जॉबमध्ये 'पार्टिशन' नावाची एक सेटिंग होती. नऊ-दहा हजार नोंदी मशीन एका दमात हाताळत नाही. त्यांचे चार ढीग पाडतं आणि चार हात चार ढिगांवर एकाच वेळी काम करतात. इथवर मला कळलं. जिनिंगमध्येही चार हमाल चार बाजूंनी लागत. पण कोणती नोंद कोणत्या ढिगात जाणार, हे कसं ठरतं?

ताईंनी तिथं 'गावानुसार' असं लावून ठेवलं होतं. मी विचारलं, म्हणजे तालुक्याप्रमाणे का? नाही म्हणाल्या. अक्षराप्रमाणे? नाही. गावाच्या नंबरावर मशीन आपलं काहीतरी गणित करतं आणि त्यातून ढीग ठरतो. कोणतं गणित? ते पाहू नका म्हणाल्या.

मी पाहिलं. एका वहीत साठ गावं लिहिली आणि प्रत्येकापुढे त्याचा ढीग. समुद्रपूर आणि हिंगणी एकाच ढिगात. एक जिल्ह्याच्या दक्षिणेला, एक बोर धरणाच्या बाजूला. यांचा काय संबंध? हिंगणीच्या शेजारचं गाव मात्र तिसऱ्याच ढिगात. आमचं सिंदी मेघे आणि वर्धा शहर दोन्ही पहिल्या ढिगात, त्यामुळे तो ढीग फुगलेला. मी नंबरांचा शेवटचा आकडा पाहिला, आकड्यांची बेरीज करून पाहिली, चारानं भागून पाहिलं. काही लागेना. बायकोनं विचारलं, ही गावं कशाची लिहिता? मला तिलाही नीट सांगता आलं नाही.

वही ताईंना दाखवली. त्यांनी पानं उलटली आणि माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं. "नियम काय आहे ते धुंडू नका भाऊ. एका गावाचा माल दर वेळेस एकाच ढिगात जाते का, तेवढं पाहा." नोंदींना त्या 'माल'च म्हणत. मी म्हटलं, जातो, पण का? त्या म्हणाल्या, "जाते ना? मंग झालं."

त्याच सेटिंगमध्ये 'ऑटो' असाही एक पर्याय होता. म्हणजे ढिगांचं मशीननंच ठरवायचं. मला तो फार सोयीचा वाटे. ताईंना तो शब्द पडद्यावर दिसलेलाही खपत नसे. "मशीनले काय मालूम, कोनाची गाठ कोनाशी पडली पाहिजे ते?" असं त्या एकदा म्हणाल्या. मी ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली लिहिलं, 'अर्थ विचारणे'. तो विचारायचा राहून गेला.

हिंगणीची एक बाई दर महिन्याला आमच्या खिडकीशी येत असे. साठीची असेल. एक डोळा लहानपणी काटा लागून गेलेला, आणि उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू. शेजारणीचा हात धरून एसटीनं यायची. घरी चार बकऱ्या होत्या, पण जंगल लागूनच असल्यामुळे आता ती त्यांना घेऊन अंगणाबाहेर जात नसे. शेजारीण आपल्या बकऱ्यांबरोबर नेई. शिबिरातल्या डॉक्टरांनी तिच्या कागदावर लिहिलं होतं, एकच डोळा आहे, जास्त थांबवू नये. पण तसं बऱ्याच कागदांवर लिहिलेलं असे आणि यादी तारखेप्रमाणेच लागे.

ती दर वेळी एकच विचारायची, "माहा नंबर आला का बाबू?"

एका महिन्यात ती आली तेव्हा मी मागच्या यादीवरून हातानं मोजलं. आधीचे किती झाले, पुढे किती राहिले. सत्त्याऐंशी येत होता. जागा एकशेवीस. मी तिला सांगितलं, मावशी, या सोमवारी तुमचं नक्की. गाडी गावात येईल, पिशवी भरून ठेवा. मी सहसा असा शब्द देत नाही. आकडा समोर होता म्हणून दिला.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी सकाळी, ताईंच्या आईला ताप आल्याचा फोन आला. ताई आठच्या गाडीनं निघाल्या. जाताना मला एवढंच म्हणाल्या की पाच वाजेपर्यंत यादी द्यायची आहे.

मी जॉब लावला. नऊ हजार चारशे बारा नोंदी. चार ढीग पडद्यावर दिसू लागले: चार हजार आठशे एकाहत्तर, एक हजार नऊशे तीस, एक हजार सहाशे बावीस, नऊशे एकोणनव्वद. शेवटचे तीन ढीग लवकर उरकले. पहिला रखडला. तीन हात रिकामे बसलेले आणि एकटा राबतोय, हे मला पाहवेना. वेगावरून मी हिशोब केला. साडेसहाच्या आधी संपत नव्हता. ताईंना फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद.

सेटिंगच्या यादीत 'पाळीपाळीनं समान' असा एक पर्याय होता. पहिली नोंद पहिल्या ढिगात, दुसरी दुसऱ्यात, तिसरी तिसऱ्यात, चौथी चौथ्यात, पाचवी पुन्हा पहिल्यात. मी नऊ हजार चारशे बाराला चारानं भागलं. दोन हजार तीनशे त्रेपन्न. बाकी काही उरत नव्हती. मला ते फार बरं वाटलं.

तरीही मी सरळ हात घातला नाही. आमच्याकडे चाचणीसाठी एक वेगळं मशीन होतं आणि त्याच्यावर पाचशे नोंदींची एक जुनी फाइल. जुन्या सेटिंगनं चालवलं, तीनशे सव्वीस उरल्या. नव्या सेटिंगनं चालवलं, तीनशे सव्वीसच उरल्या. दोन्ही कागद छापून शेजारी ठेवून पाहिले. काही फरक नाही. मग रखडलेला जॉब थांबवला, सेटिंग बदलली आणि पुन्हा लावला. चारही ढीग दोन मिनिटांच्या फरकानं संपले. आलेल्या नोंदी नऊ हजार चारशे बारा. ठेवलेल्या आठ हजार पाचशे ब्याऐंशी. वगळलेल्या आठशे तीस. ठेवलेल्या आणि वगळलेल्या मिळून बरोबर नऊ हजार चारशे बारा. त्या हंगामात नवी शिबिरं बरीच झाली होती, तेव्हा ठेवलेला आकडा मोठा आला याचं मला काही वाटलं नाही. मी सही केली आणि चार वाजून वीस मिनिटांनी यादी पाठवली. सत्त्याऐंशीव्या ओळीवर कोण आहे, ते पाहिलं नाही. मी एकूण पाहतो. नावं पाहायची मला सवय नव्हती.

सोमवारी गाड्या आल्या. दहाच्या सुमारास मी काही कागद द्यायला वॉर्डात गेलो तर हिंगणीचे एक आजोबा खाटेवर बसून कुरकुरत होते. म्हणाले, "माहं त मागच्याच साली झालं. मले काऊन बोलावलं? दवाखान्यानं बोलावलं म्हून आलो मी. अन् जिचं बाकी आहे ते बाई पिशवी घिऊन गाडीपाशी उभी होती. तिले ड्रायवर म्हने, नाव नाई."

मी खाली आलो आणि पहिल्यांदा यादीतली नावं वाचली. ती बाई एकशे एकतीसाव्या नंबरावर होती. एकशेविसांत एक्केचाळीस ओळी खोट्या निघाल्या. एकोणतीस जणांची ऑपरेशनं कधीच झालेली होती आणि बारा जण दोनदा आले होते. एकोणतीसपैकी सतरा माणसं त्या दिवशी खरोखर येऊन बसली होती, कारण बोलावल्यावर यायचं असतं. आणि ज्यांच्या खरोखर जागा होत्या ते एक्केचाळीस जण घरी होते.

ही बेरीज जुळलेली होती. त्या गोष्टीनं मी जितका हादरलो तितका जिनिंग बंद पडलं तेव्हाही हादरलो नव्हतो. न जुळणारी बेरीज चुकीची असते हे मला माहीत होतं. जुळलेली बेरीजही चुकीची असू शकते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मंगळवारी ताई आल्या. मी सगळे कागद क्रमानं लावून त्यांच्यासमोर ठेवले आणि काय केलं ते सांगितलं. काही लपवलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती ढीग?"

मी म्हणालो, चार.

"टेस्टवर?"

मला माहीत नव्हतं.

"एक," ताई म्हणाल्या.

मला तरी कळेना. एक असो की चार, नोंदी त्याच, जॉब तोच. मी तसं म्हटलं. ताई उठल्या, दुसरा चष्मा लावला आणि मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेल्या. ओपीडीचा दिवस होता. दाराशी रुग्णांच्या आणि नातेवाइकांच्या चपला पडलेल्या असतात. ताईंनी वीस जोड निवडले आणि ओळीनं मांडले. मग मला, चौकीदाराला, एका आयाबाईंना आणि चहा घेऊन आलेल्या कॅन्टीनवाल्याला चार कोपऱ्यांत उभं केलं. चौकीदार म्हणाला, मॅडम, लोकांच्या चपला आहेत. ताई म्हणाल्या, "पाहून राह्यली मी. उभे राहा."

आणि त्यांनी वाटायला सुरुवात केली. एक चप्पल मला, एक चौकीदाराला, एक आयाबाईंना, एक कॅन्टीनवाल्याला. पुन्हा मला. पत्ते वाटावेत तसं. संपल्यावर प्रत्येकासमोर दहा चपला झाल्या.

"मोजा," ताई म्हणाल्या. मोजल्या. दहा, दहा, दहा, दहा. "आता आपापल्या ढिगात जोड्या लावा. दुसऱ्याच्या ढिगाकडे पाहाचं नाई."

माझ्यासमोर दहा चपला होत्या आणि दहाही डाव्या होत्या. चौकीदाराकडे सगळ्या उजव्या. आयाबाई हसायला लागल्या. चार ढिगांत मिळून चाळीस चपला, एकही कमी नाही, आणि जोड एकही नाही.

"तुमची टोटल बरोबर आहे भाऊ," ताई म्हणाल्या. "पण एका माणसाचे दोन कागद दोन ढिगात गेले, त त्यायची गाठ पडली का? पहिला ढीग म्हणते याचं बाकी आहे. दुसरा ढीग म्हणते याचं झालं. दोघंही आपापल्या जागी खरं बोलून राह्यले."

मग त्यांनी दुसऱ्यांदा वाटल्या. या वेळी रंगावरून. काळ्या सगळ्या मला, तपकिरी चौकीदाराला, निळ्या आयाबाईंना, बाकीच्या कॅन्टीनवाल्याला. माझ्यासमोर अठरा आल्या, आयाबाईंसमोर चार. मला घाम फुटला, पण जोड्या झटकन लागल्या. आणि टेस्टवर एकच ढीग असल्यावर सगळ्या चपला एकाच माणसाकडे. तिथं कशाही वाटा, जोड लागणारच. तेव्हा कुठे मला ते पाचशे नोंदींचे दोन सारखे कागद समजले. त्या व्हरांड्यात उभा असताना सगळं समजलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. संध्याकाळी घरी बायकोला समजावायला बसलो तेव्हा पुन्हा गोंधळ झाला, कारण तिनं विचारलं, एकाच रंगाच्या दोन माणसांच्या चपला असल्या तर?

तोवर व्हरांड्यात एक गृहस्थ आतून डोळ्यांत औषध घालून बाहेर आले आणि अर्धवट मिटल्या डोळ्यांनी आपली चप्पल चाचपू लागले. ती तपकिरीत होती. चौकीदार पुढे कितीतरी दिवस ताईंना पाहिलं की दारात आडवा उभा राही.

त्याच दुपारी मी मोठ्या डॉक्टरांकडे जायला निघालो. माझ्या मनात एकच माणूस होता. हिंगणीच्या बाईला जीपनं आणा आणि उद्याच तिचं करा, एवढं मागायचं. ताई म्हणाल्या, मीही येते. आत गेल्यावर मी तोंड उघडायच्या आधी त्या बोलल्या. एक नाही, एक्केचाळीस. रविवारी ऑपरेशन थिएटर बंद असतं, ते येत्या रविवारी उघडा. डॉक्टर म्हणाले, एवढा स्टाफ कुठून आणू? फार तर दोन-चार निकडीचे घेऊ. ताईंनी यादी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, यातले कोणते दोन-चार ते तुम्ही निवडा, मी त्यांची नावं लिहून घेते. डॉक्टरांनी यादी वाचली, आणि मग सगळ्यांसाठीच रविवार ठरला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, त्या बाईचा एकच डोळा आहे, तिचं आधी मागितलं असतं तर काय बिघडलं असतं? ताई म्हणाल्या, "ते तुमच्या खिडकीशी येते म्हून तुम्हाले दिसली. बाकीचे चाळीस खिडकीशी नाई आले." त्यांचं बरोबर होतं की माझं, हे मी आजही ठरवू शकलेलो नाही.

निरोप मोबाइलवर जाणारच होता, तरी गुरुवारी मी रजा टाकून हिंगणीला गेलो. शब्द मी दिला होता. बाई ओट्यावर बसली होती. मी नाव सांगितल्यावर तिनं आवाजाच्या दिशेनं तोंड केलं. मी सांगितलं, मावशी, चूक झाली, रविवारी गाडी येईल.

ती म्हणाली, "माहं नाव कोनं पुसलं?"

पुसलं नाही, मी म्हटलं. खाली गेलं.

"खाली काऊन गेलं?"

मी म्हटलं, काही माणसं यादीत दोनदा आली, म्हणून तुमच्यापुढे गर्दी झाली.

तिनं जरा विचार केला. "दोनदा कशी येतीन? मी त एकच आहो."

मी ढीग सांगितले, चपला सांगितल्या. ती ऐकत होती, आणि मला माझंच बोलणं ऐकू येत होतं. शेवटी ती म्हणाली की दोन दिवस झाले डोळा ठणकतो, रविवारपर्यंत राहील ना? मी डॉक्टर नाही, असं म्हणायला हवं होतं. मी तिच्या भाच्याला घेऊन गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईंकडे गेलो, त्यांच्या फोनवरून डॉक्टरांना विचारलं, आणि शुक्रवारी सकाळच्या एसटीनं आणून तिला दवाखान्यात भरती केलं. थेंब सुरू झाले. ऑपरेशन रविवारीच झालं, तिच्या नंबरावर.

ताईंना नोकरी सोडून आता दोन वर्षं झाली. त्या समुद्रपूरला असतात. त्या प्रकरणानंतर त्यांनी त्या सेटिंगखालच्या शेऱ्याच्या रिकाम्या चौकटीत एक ओळ लिहिली. तोवर कधी काही लिहिलेलं नव्हतं. 'गाव फोडू नये. एका माणसाचे कागद एका ढिगात आले नाहीत तर तो दोनदा मोजला जातो आणि दुसराच कुणी मोजायचा राहतो.' जॉब अजून मीच लावतो. पहिला ढीग अजूनही रखडतो. मी आता सकाळी आठलाच लावतो, आणि संपल्यावर बेरीज पाहतो, आणि मग नावं वाचतो. एकशेवीसच्या एकशेवीस. मध्ये मी ताईंना फोन करून विचारलं की गाव बदललेल्या माणसाचे कागद दोन ढिगांत जात असतील, त्याचं काय? त्या म्हणाल्या, मी याच्यावर विचार करते. अजून त्यांचा फोन आलेला नाही.

पण सांगायचं होतं ते त्या रविवारनंतरच्या सोमवारचं.

ऑपरेशननंतरच्या सकाळी पट्टी काढतात. मी वॉर्डात जायला निघालो तर ताई पांढऱ्या बुटांची लेस बांधत होत्या. इतक्या वर्षांत त्या वर कधी गेल्या नव्हत्या. सिस्टरनं बाईची पट्टी काढली, कापसानं डोळा पुसला आणि थेंब घातला. बाईनं पापणी दोन-तीनदा मिटली आणि उघडली. मग ती आमच्याकडे पाहू लागली. आधी ताईंकडे, मग माझ्याकडे. मी बोललो तेव्हा म्हणाली, आवाजावरून मी तिला बारीक वाटलो होतो.

मग विचारलं, "तुमच्या दोघातून माहं नाव खाली कोनं टाकलं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. सेटिंग मी बदलली, सही माझी, नावं मी वाचली नाहीत. ताई तर त्या दिवशी गावातही नव्हत्या.

"दोघायनं," ताई म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या बाईकडेच पाहत होत्या. म्हणाल्या, "यायनं बदललं. अन् काऊन बदलाचं नाई, ते मी कधी सांगतलं नाई."

बाई म्हणाली, "एकाचं नाव घेतलं असतं त मी राग धरला असता. आता दोघाईत वाटाचा म्हटलं त पुरत नाई."

सिस्टर म्हणाली, मावशी, बोलू नका जास्त, समोर पाहा. समोर काय दिसतं ते सांगा. बाईनं भिंतीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि मग बोट न उचलता, नुसत्या नजरेनं, समोरच्या ओळीतल्या खाटा मोजायला लागली. सावकाश, मध्ये एकदा थांबून. "सात," ती म्हणाली.

मीही मोजल्या. सातच होत्या.